पुसायचं न्हाय

आमच्या साहेबांच्या ऑफिसात व्हाइटनरला बंदी होती. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मी तर नवी कोरी बाटली पर्समध्ये घालून पहिल्या दिवशी हजर झाले होते. दाव्याच्या मसुद्यात एका शब्दावर मी पांढरं फासलं. साहेबांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला, पुढून पाहिला, मागून पाहिला आणि विचारलं, "वकीलसाहेब, ह्याच्या खाली काय हाय?"

"चूक होती सर."

"मग दिसू दे की. तुमची चूक हाय, चोरीचा माल न्हाय. एक आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची. झाकलं की माणूस पहिलं तेच उचकटून बघतंय."

बाटली जप्त झाली आणि कपाटात उंदराच्या औषधाशेजारी जाऊन बसली. ज्युनिअरना साहेब 'वकीलसाहेब' म्हणत. फार रागावले किंवा फार खूश झाले की मला 'पोरी' म्हणत, त्यामुळे नक्की काय झालंय ते चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

साहेब म्हणजे कोल्हापुरातले जुने दिवाणी वकील. शाहूपुरीत सायकलच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. उंची बेताची, पण आवाज असा की ते फोनवर बोलायला लागले की खालचा दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणायचा, जरा थांबा, साहेबांचं होऊ दे. बांध, वाटण्या, वहिवाटीचे रस्ते यांत त्यांची हयात गेली होती. त्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. माणसं दावा हरतात ती खोटेपणामुळे कमी आणि नीटनेटकेपणामुळे जास्त. कोर्टात जायचं म्हणून माणूस कागद आवरतो, जुनी पाकिटं फेकतो, चुरगळलेली पावती फाडून चांगल्या कागदावर उतरवून आणतो. साहेब कपाळाला हात लावत. "लगीन हाय का तुमचं? कुणी सांगितलं आवरायला?"

ऑफिसातला तारखांचा फळाही पुसायचा नाही असा नियम होता. भरला की नवा फळा यायचा आणि जुना भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. घरीही हीच तऱ्हा. काकू, म्हणजे साहेबांची बायको, एकदा मला हसत म्हणाल्या होत्या, "ह्यांनी लग्नातल्या आहेराच्या चिठ्ठ्या जपल्यात, बाई. वाढदिवस मात्र माझा एकदा पण ध्यानात राहिला न्हाय." साहेब शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवून हा आरोप मान्य केला.

विक्षिप्त होते, पण माणूस मायेचा. सकाळी पक्षकार कितीही घायकुतीला आलेला असो, आधी प्रश्न एकच, "जेवलासा काय?" माझा पहिला अर्ज न्यायाधीशांनी सगळ्यांदेखत फेटाळला तेव्हा मी बाररूमच्या कोपऱ्यात रडत बसले होते. साहेबांनी मला उठवलं, ऑफिसात आणलं आणि काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायला लावलं. माझं झाल्यावर त्यांनी स्वतःची फजिती सांगितली. तरुणपणी म्हणे ते भलत्याच दाव्यात, विरुद्ध बाजूनं, तासभर युक्तिवाद करून आले होते, आणि तो दावा जिंकलाही. मला ते आजही खरं वाटत नाही, पण त्या दिवशी फार बरं वाटलं.

ऑफिसात एआय आणलं मी. मसुदे लवकर होतील, असं मला वाटलं होतं. साहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला (तेवढी एकच वस्तू ते पुसत) आणि म्हणाले, "ह्याला हाक काय मारायची?" आमच्याकडे अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणतात. त्या दिवसापासून ते यंत्र पावणं झालं. साहेब माइकचं बटण दाबून आधी विचारपूस करायचे, "काय पावणं, जेवलासा काय?" मी एक कृत्रिम प्रणाली असल्याने मला जेवणाची आवश्यकता नसते, असं उत्तर आलं. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "सुरुवात तरी खरी केलीया."

पुढची गोष्ट तितकी खरी निघाली नाही. पाऊलवाटेच्या एका दाव्यात पावण्यांनी आम्हाला हवा तसा निकाल काढून दिला. पक्षकारांची नावं, परिच्छेदाचा क्रमांक, सगळं जागच्या जागी. मी शोध शोध शोधला. असा निकाल कुठल्याच न्यायालयात झालेला नव्हता. मला यंत्राचा संताप आला आणि साहेबांना मात्र गुप्तधन सापडल्यासारखा आनंद झाला.

"प्रिंट काढ. तारीख टाक, वेळ टाक. आपण काय इचारलंतं ते बी काढ."

"सर, पण खोटं आहे ना ते?"

"म्हणूनच काढ. खरं काय, ग्रंथालयात बी मिळतंय. हे खोटं आज, हितं, आपल्याशी बोललंय. उद्या इचार, म्हणंल मी न्हाय त्यातला."

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारला. पावण्यांनी क्षमा मागितली आणि दुसराच निकाल दिला. तोही खोटा. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला जवळ बोलावलं. "बघ पोरी. हा साक्षीदार फितूर न्हाय, ह्याला कालचं आठवतच न्हाय. असल्याची जबानी त्याच दिवशी, त्याच शब्दांत घेऊन ठेवायची. परत इचारून मिळणारी न्हाय." ऑफिसातल्या प्रिंटरला त्या महिन्यापासून विश्रांती अशी मिळाली नाही.

हल्ली साहेब बेळगावला मुलीकडे असतात. गुडघ्यांनी कोर्टाचे जिने चढायला नकार दिला, मग त्यांनी वकिली सोडली. मध्यंतरी मुलीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप पुसले जाणारे संदेश चालू केले, तेव्हा त्यांनी तिला रीतसर वकिली नोटीस लिहिली आणि तिची एक प्रत मला माहितीसाठी पाठवली. मी ती अर्थातच जपून ठेवली आहे.

पण साहेब म्हटलं की मला आधी आठवतात त्या कोडोलीच्या वहिनी.

वहिनी कांदा-लसूण मसाला करायच्या. घरातूनच सुरुवात केलेली, आता पंचक्रोशीतल्या दुकानांत त्यांची पाकिटं दिसायची. पाकिटावर चित्र होतं, उखळात मसाला कांडणाऱ्या एका बाईचं. हे चित्र वहिनींनी स्वतः, माजघरात बसून, फोनमधल्या एआयशी बोलून काढून घेतलं होतं. तयार झाल्यावर आपला माल दुकानादुकानांत पोहोचवणाऱ्या उचगावच्या व्यापाऱ्याला कौतुकानं पाठवलं. पुढे त्याने स्वतःचाच मसाला काढला, त्यावर हेच चित्र छापलं, आणि वर उलट्या बोंबा मारत वहिनींवर दावा लावला. चित्र मी छापखान्यातून करून घेतलं, हे त्याचं बिल, या बाईंनी माझी नक्कल केली, यांना विक्री करायला मनाई करा. मनाई मिळाली असती तर वहिनींचा धंदा बसला असता, आणि गावोगावच्या दुकानदारांनी चोर त्यांनाच म्हटलं असतं.

साहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "चित्र काढताना यंत्राशी जे बोललासा ते सगळं घेऊन या." पुढच्या वेळी वहिनी आल्या त्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये छानशी छापील पानं घेऊन.

"साहेब, कोर्टात द्यायचं म्हणून शुद्ध करून आणलंय."

"शुद्ध म्हंजे?"

"माझं बोलणं कसलं, तुम्हाला ठावं हाय की. न्यायाधीश साहेबांनी वाचायचं म्हटल्यावर बरं दिसतंय का? त्या यंत्रालाच सांगितलं, बाबा, हे कोर्टात द्यायचंय, नीट भाषेत करून दे. त्यानं दिलं. आता ते जुनं पुसून टाकतो." आमच्याकडे बायकाही करतो-टाकतोच म्हणतात.

साहेब न्यायाधीश सोडून कुणासाठी खुर्चीतून उठत नसत. त्या दिवशी उठले. "वैनी, फोन टेबलावर ठेवा. बोट लावू नका."

त्यांनी छापील पानं वाचली. 'कृपया चित्रातील स्त्री प्रौढ, कष्टाळू व प्रसन्न चेहऱ्याची असावी.' साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं बोललासा तुम्ही?"

"मतलब तोच की."

मग मूळ संभाषण उघडलं. वहिनींनी मान खाली घातली. यंत्रानं सुरुवातीला ज्या बायका काढल्या होत्या त्या दागिने घालून मुसळाशेजारी नुसत्या हसत उभ्या होत्या. 'ही मसाला कांडायला न्हाय, हळदीकुंकवाला निघालीया,' असं वहिनींनी यंत्राला सुनावलं होतं. अशी बरीच चित्रं नाकारली होती. आणि मग ते वाक्य होतं. 'असल्या नट्या नकोत. माझ्या थोरल्या जावेसारखी काढ. ती अवदसा हाय, तोंडानं फाटकी हाय, वाटणीत तिनं पाटा-वरवंटा बी सोडला न्हाय, माझ्याशी बोलत न्हाय. पर कांडायला उभी ऱ्हायली की देवीवाणी दिसती. कपाळ मोठं. डाव्या मनगटावर तेल उडून भाजलेली खूण हाय, ती बी काढ.'

मी टेबलावरचं पाकीट उचललं. चित्रातल्या बाईच्या डाव्या मनगटावर खूण होती. व्यापाऱ्याचं पाकीट उचललं. त्यावरही होती. आणि शुद्ध केलेल्या पानांत मात्र ना जाऊ होती, ना मनगट. प्रसन्न चेहऱ्याच्या नादात यंत्रानं सगळा दावाच धुऊन काढला होता.

तो पूर्ण दिवस आमचा त्या फोनपायी गेला. वहिनींनी स्वतःच्या बोटानं संभाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवायचं आणि त्याचं चित्रण करायचं, त्यांच्या एआयच्या खात्यातून मूळ प्रत तारखांसकट उतरवून घ्यायची, त्या प्रतीत पुढे एक अक्षर जरी बदललं तरी कळावं म्हणून तिची संगणकी खूण काढून पुरावा कायद्याला लागणाऱ्या दाखल्यावर लिहायची. नाकारलेली चित्रंही साहेबांनी सोडली नाहीत. व्यापाऱ्यालाही नोटीस गेली, तुमच्याकडचं काही पुसू नका, कच्ची चित्रं असतील ती हजर करा. त्याच्याकडे एकच चित्र होतं, तयार. साहेब खूश होऊन म्हणाले, "मूल झालं म्हणतोय, पर डोहाळे कुणाला लागलंतं ते सांगता येत न्हाय."

अडलं ते वहिनींपाशी. भाऊबंदकीत घर दुभागलं, मधे भिंत आली, तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोरलीला सगळे आक्का म्हणत. त्या भिंतीपलीकडे एकट्याच राहायच्या, ना मूल ना बाळ, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

"लेबल गेलं तर जाऊ दे साहेब," वहिनी म्हणाल्या. "आक्काला हे कळायला नको. तिनंच मला मसाला शिकवला हो."

मी सुचवलं, तेवढ्या शिव्यांच्या ओळी वगळून देऊ. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला ती व्हाइटनरची बाटली आठवली. "दोन वळी काढल्या की समोरचा इचारणार, हितं काय होतं? शिवीपेक्षा मोकळी जागा वंगाळ दिसती, पोरी." मग ते वहिनींकडे वळले. त्यांचा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "तुमच्या मर्जीबिगर मी एक कागद लावणार न्हाय. पर माझं ऐका. कोर्टात देण्याआधी हे आक्कांना वाचून दाखवा. कोर्टात ऐकलं तर ती बदनामी हुती. घरात ऐकलं तर भांडण. भांडण मिटतंय."

"माझ्यानं न्हाय वाचवायचं."

"मग मी वाचतो."

रविवारी सकाळी आम्ही कोडोलीला गेलो. उकाडा मरणाचा होता, तरी साहेबांनी काळा कोट घातला होता. दस्तऐवज वाचायचा तर कोट हवाच, असं त्यांचं म्हणणं. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात लसूण सोलत बसल्या होत्या. कपाळ खरंच मोठं होतं. वहिनी आत आल्या नाहीत, दाराबाहेर उभ्या राहिल्या. साहेबांनी कशासाठी आलोय ते सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली, कोर्टात जबानी वाचतात तशा सपाट आवाजात. अवदसा, तोंडानं फाटकी, पाटा-वरवंटा, देवीवाणी, मनगट. एक शब्द गाळला नाही, एका शब्दावर जोर दिला नाही. माझे कान तापले होते. आक्कांचे हात लसणावर चालूच होते.

"झालं वाचून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पाटा-वरवंट्याचं खरं हाय. म्या सोडला न्हाय." त्यांनी एक पाकळी सोलून परातीत टाकली. "पर खूण चुकलीया. डाव्या न्हाय, उजव्या हाताला हाय." आणि पदराला हात पुसून त्यांनी उजवं मनगट पुढं केलं. जुनी, गुळगुळीत झालेली खूण होती.

दाराबाहेरून वहिनींचा आवाज आला. "समोर उभं ऱ्हाऊन कांडत होतो की आक्का. मला डाव्या अंगाला दिसायची."

आक्कांनी परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, "आत ये. दारात काय उभी ऱ्हायलीस पावण्यावाणी."

येताना गाडीत साहेबांनी कोट काढला आणि घाम टिपत म्हणाले, "खूण चुकली ते लई बरं झालं." मी विचारलं, का? "बरोबर असती तर पाठ केल्यावाणी वाटली असती."

सुनावणीच्या दिवशी दोघी जावा एकाच बाकावर बसल्या होत्या. व्यापाऱ्याचे वकील तयारीनं आले होते. त्यांनी लॅपटॉप उघडला, वहिनींचं तेच वाक्य यंत्राला दिलं आणि आलेलं चित्र न्यायाधीशांना दाखवलं. भलतीच बाई, तरुण, हातात मुसळ उलटं. तेच शब्द देऊन तेच चित्र येत नसेल, तर या संभाषणावर विश्वास कसा ठेवायचा?

साहेब उठले. "भाकरी त्याच पिठाची, त्याच हातानं थापली तरी दुसरी पहिलीसारखी येत नाही, साहेब. म्हणून पहिली झालीच नाही असं घरात कुणी म्हणत नाही. पहिली आम्ही जपून ठेवली आहे, तारखेसकट. ती यांच्या छापखान्याच्या बिलाच्या आधीची आहे."

न्यायाधीशांनी व्यापाऱ्याचं पाकीट जवळ घेऊन पाहिलं आणि विचारलं, बाईच्या मनगटावर हे काय आहे? व्यापाऱ्याच्या वकिलांनी मागे वळून अशिलाकडे पाहिलं. अशील म्हणाला, छपाईचा दोष असेल.

मग साहेबांनी ते पान वाचलं, कोडोलीत वाचलं होतं तसंच, शिव्यांसकट. बाकांवर खसखस पिकली. वहिनींनी तोंडाला पदर लावला. आणि आक्का, कुणी सांगितलं नसताना, उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला, मनगट न्यायाधीशांकडे करून. खसखस थांबली. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं, पण आवाज चढवून नाही.

मनाईचा अर्ज फेटाळला गेला. पुढे व्यापाऱ्याचा धीर सुटला. चित्र वहिनींचं आहे, आपण ते वापरणार नाही, असं त्यानं कोर्टात लिहून दिलं आणि दावा संपला. त्यानंतर एका दुपारी दोघी ऑफिसात आल्या, आम्हा सगळ्यांसाठी मसाला घेऊन. चहा झाला. वहिनींनी पिशवीतून फोन काढला आणि बिचकत विचारलं, "साहेब, आता तरी पुसू का? ते शिव्यांचं."

आम्ही सगळे साहेबांकडे पाहायला लागलो. या माणसानं जन्मात कुणाला काही पुसायची परवानगी दिली नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला. "दावा मिटलाय, आता कायद्याची हरकत न्हाय," ते म्हणाले. "पर मी सांगणार न्हाय. जिच्याबद्दल बोललासा तिला इचारा."

वहिनींनी आक्कांकडे पाहिलं. आक्का कपातला तळाशी राहिलेला चहा हलवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझ्याबद्दल एवढं कोण बोललंय कवा."